विसूच्या खापरोळ्या

रत्नागिरी, फेब्रुवारी १९३१, बुधवार. तारीख लिहिलेली नाही. धोब्याकडे गेलेल्या कपड्यांनाही तारीख घालणारी मी, पण या एका दिवसाला घातली नाही.

हजर: मोठ्या बाई, म्हणजे इस्पितळात आम्हां शिकाऊ मुलींना शिकवणाऱ्या मुख्य नर्स. भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या आम्ही मुली. सतरंजीवर वयाप्रमाणे ओळीने ठेवलेली बाळं. सगळ्यांत धाकटं सव्वा महिन्याचं, सगळ्यांत थोरलं दीड वर्षाचं. त्यांच्या मागे त्यांच्या आया. आमच्या आळीतल्या अंबूकाकू, मांडीवर नात घेऊन. माझी वहिनी आणि तिचा अकरा महिन्यांचा विसू. गैरहजर: माझी माईआत्या, जी घरी देवापुढे बसून होती, आणि विसूचा बाप, माझा दादा, जो आगबोटीवर नोकरीला होता आणि शिमग्याला घरी यायचा होता.

ओळ मी लावली होती. पण ओळीपाशी येण्याआधी घर सांगायला हवं.

आमचं घर मांडवीच्या वाटेवर, चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे दोन फणस. समुद्र दिसत नसे पण ऐकू येई, आणि आगबोटीचा भोंगा वाजला की माईआत्या हातातलं काम टाकून पडवीत येऊन उभी राही, दादा त्या बोटीवर नाही हे पक्कं ठाऊक असूनही. माझी आई मी लहान असतानाच गेली. घर चालवलं ते माईआत्याने, बाबांच्या विधवा बहिणीने. बाबा कचेरीत कारकून, घरात कमी बोलणारे. माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत, त्यामुळे लग्न जमेना, तेव्हा बाबांनी एका संध्याकाळी पेज जेवता जेवता सांगून टाकलं, "यमूला नर्सिंग शिकू दे." माईआत्या म्हणाली, "परक्यांचे मळ काढायला?" बाबा म्हणाले, "आपले काढतेच आहे की." आणि विषय संपला. घरातले मोठे निर्णय असेच होत, दोन वाक्यांत, कुळथाचं पिठलं वाढलं जात असताना.

विसूचा जन्म घरातच झाला. वहिनी दोन दिवस अडली होती. तिचं पहिलं मूल बारशाआधीच गेलेलं, त्यामुळे माईआत्याने या वेळी आधीपासून नवस बोलून ठेवले होते. पोर बाहेर आलं ते निळसर, आणि रडेना. माईआत्याने त्याच्या कानाशी पितळी ताट बडवलं. ते ताट किती वेळ वाजत होतं हे मला सांगता येणार नाही, पण आजही कुणाच्या हातून ताट पडलं की मी आधी बाळाच्या रडण्याची वाट बघते आणि मग ताट उचलायला वाकते. शेवटी तो रडला. बारीक, मांजराच्या पिलासारखा. माईआत्याने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "झालं. आता याला काही होत नाही." हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की आम्ही सगळ्यांनी तो शेवटचा शब्द मानला.

आता रीत सांगते, कारण सगळं त्यावर आहे. आमच्या आळीत मूल वाढतं ते ताटांतून. पालथं पडलं की कानवले. आधाराशिवाय बसलं की मोदक, कारण मोदकासारखं बूड टेकून बसतं. रांगत उंबरठा ओलांडला की लाडू, आणि त्यातला पहिला लाडू उंबरठ्यावरून घरंगळत सोडायचा. आणि पहिलं पाऊल टाकलं की खापरोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या, मऊ आणि जाळीदार. पोराच्या पायाखालची जमीन तशीच मऊ लागावी म्हणून. हे सगळं घरोघर जायचं, आणि ताट रिकामं परत यायचं नाही. कुणी मूठभर तांदूळ घाली, कुणी गुळाचा खडा, आणि तोंडाने "चालतं-बोलतं होऊ दे" म्हणायचं. ताटं पोचवायचं काम माझं. कोणाकडे किती कानवले, कोणाचं सुतक, कोणाशी अबोला हे मला पाठ होतं, आणि त्या वयात मला त्याचा अभिमान वाटे.

पावसाळ्यात माझं शिक्षण सुरू झालं. मोठ्या बाई देशावरच्या, त्यामुळे आम्हांला "काय गं" म्हणायच्या. आम्ही आपसांत "काय गो" म्हटलं की हसायच्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात बाळाची वाढ शिकवली. दीड महिन्यात ओळखीचं हसू, मग मान, मग पालथं पडणं, मग बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, पाऊल. त्या म्हणायच्या, "वाढ वरून खाली उतरते, पिंडीवर धरलेल्या पाण्यासारखी. मान आधी, मग पाठ, मग कंबर, पाय सगळ्यांत शेवटी. कुणाला वेळ कमी लागेल, कुणाला जास्त. पण पाणी मान सोडून पायावर पडत नाही." बाळाचे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवायचं आणि मान मागे लोंबते की बरोबर येते ते बघायचं, हेही त्यांनी दाखवलं. मी घरी आले आणि पाळण्यातल्या विसूचे हात धरून त्याला उठवलं. पाचवा महिना होता. मान मागे लोंबली, ओल्या टॉवेलासारखी.

मी माईआत्याला सांगितलं. ती विळीवर नारळ खवत होती. म्हणाली, "पुस्तकातलं पोर निराळं, घरातलं निराळं. तुझा बाप दोन वर्षं बोलला नव्हता. आताही कुठे बोलतो?" वहिनी चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण फुंकणी तोंडाशी तशीच राहिली आणि चूल विझली.

दसऱ्याच्या सुमारास आळीत विचारणा सुरू झाली. अंबूकाकूंची नात विसूपेक्षा महिनाभराने लहान, आणि तिचे कानवले येऊन गेले होते. काकू विहिरीवर आल्या की म्हणत, "काय गो माई, कानवल्यांचं पीठ अजून भिजलं नाही वाटतं?" यात वाईट हेतू काही नव्हता, त्या सगळ्यांनाच असं टोचत. पण माईआत्या आत येऊन भांडी आदळी. एका सकाळी तिने विसूला चटईवर ठेवलं, एका हाताने खांदा धरला, एका हाताने कुल्ला, आणि त्याला पालथा घातला. मग पडवीकडे तोंड करून मोठ्याने ओरडली, "पडला हो पालथा!"

वहिनी दारात उभी होती. मी मागे, हातात कळशी घेऊन. तिघींनीही पाहिलं होतं. विसूचं नाक चटईत दाबलं गेलं होतं, ते वहिनीने धावत जाऊन सोडवलं. आणि दुपारी आम्ही तिघी मिळून कानवले तळत होतो. मुरड घालायला वहिनीचा हात चांगला. त्या दिवशीचे कानवले तिने इतके सुबक केले की बाबांनी एक उचलला, उलटा सुलटा पाहिला, विसूकडे पाहिलं, आणि कानवला खाल्ला. ताटं मी पोचवली. मोठ्या बाईंनाही नेऊन दिली.

एकदा कानवले गेले की मागे फिरता येत नाही. पुढे मोदक आले. उशांच्या तटबंदीत विसूला बसवून "बसला" म्हटलं गेलं. संक्रांतीनंतर लाडू आले. माईआत्याने त्याला उचलून उंबरठ्यावरून पलीकडे नेलं, आणि लाडू घरंगळला. आमच्या घरात एक विसू ताटांतून वाढत होता, वेळच्या वेळी, आळीतल्या कुठल्याही पोरासारखा. आणि एक चटईवर होता, ज्याचे पाय आता ताठ होऊ लागले होते आणि उभं धरलं की कात्रीसारखे एकमेकांवर चढत. तो मात्र खुशाल होता. भोंगा वाजला की माईआत्याच्या आधी त्याला कळे, आणि तो भुवया उंचावून दाराकडे बघे.

फेब्रुवारीत मोठ्या बाईंनी ठरवलं की सगळ्या वयांची बाळं एकदा ओळीने मांडून दाखवायची, म्हणजे मुलींच्या डोक्यात पक्कं बसेल. जमवाजमव माझ्याकडे दिली, कारण यादी करावी तर यमुनेने. यादी वाचून म्हणाल्या, "अकरा महिन्यांचं नाही कुणी? अगं, तुझा भाचा आहे की! त्याचे लाडू खाल्लेत मी." मी म्हटलं, "हो, बाई."

घरी सांगितलं तेव्हा माईआत्याने कपाळाला हात लावला. "ताप आलाय म्हण. नाहीतर देवी निघाल्यात म्हण." मग माझ्या तोंडाकडे पाहून गप्प झाली. वहिनी विसूला तेल लावत होती. ती म्हणाली, "मी नेते त्याला."

"नेतेस? आणि आळीतल्या बायका असतील तिथे! तोंड दाखवायला जागा राहील का?"

"तोंड माझं आहे, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "पाय त्याचे आहेत."

ती माईआत्याला उलटून बोलल्याची ही पहिली वेळ. मला तेव्हा कळलं, की ती कितीतरी दिवस अशा निमित्ताची वाट बघत होती. आपण होऊन इस्पितळात जाणं म्हणजे वाटलेला प्रत्येक लाडू परत मागण्यासारखं होतं, पण कुणी बोलावलं तर जाता येत होतं.

बुधवारी ती निळं लुगडं नेसून आली. दारातच तिने मला बाजूला घेतलं. "वन्सं, त्याला शेवटी घ्या. बायका गेल्या की बाईंना दाखवते. तेवढं करा." ती माझ्यापेक्षा मोठी, पण मला कधी अगंतुगं करत नसे. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. दहा महिने, अकरा महिने, वर्ष. मधली जागा रिकामी राहिली तर बाई विचारतील, मुली हसतील, माझी ओळ तुटेल. मी म्हटलं, "यादी ठरलेली आहे, वहिनी."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे.

बाई ओळीने पुढे सरकत होत्या. सव्वा महिन्याचं हसलं. तीन महिन्यांच्याने मान वर केली. अंबूकाकूंची नात रांगत थेट बाईंच्या पायांशी आली आणि सगळ्या हसल्या. मग बाई विसूपाशी आल्या. "हा उंबरठा ओलांडणारा! ठेवा त्याला खाली." वहिनीने त्याला सतरंजीवर बसवलं आणि पाठीमागे हात ठेवला. बाई म्हणाल्या, "हात काढा." तिने हात काढला. विसू कलंडला, गुंडाळलेल्या वळकटीसारखा, एका कुशीवर, आणि तिथून सगळ्यांकडे बघून हसला.

अंबूकाकू म्हणाल्या, अगदी खऱ्या आश्चर्याने, "अगो बाय, याच्या उंबरठ्याचे लाडू आम्ही खाल्ले की!"

मागे दोघीतिघी फिसकन हसल्या. वहिनी हसली नाही, रडली नाही. तिने विसूला उचललं नाही. तिने त्याचा झगा खाली ओढून पाय नीट झाकले आणि बाईंना म्हणाली, "बघा याला." बाई खाली बसल्या. पाय वाकवून पाहिले, मुठी उघडून पाहिल्या. जन्मताना कधी रडला ते विचारलं. मग मान वर न करता मला म्हणाल्या, "यमुना, तुला कधी कळलं?"

"पाचव्या महिन्यात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "कानवले वाटले होते, बाई."

त्यांनी विसूची मूठ पुन्हा एकदा उघडून पाहिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनीने विचारलं, "आधी आणला असता तर?" बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "थोडा फायदा झाला असता. किती, ते मला सांगता येणार नाही." ते 'किती' मी तेव्हापासून मोजते आहे. पुढे माझ्या नोकरीत मी शेकडो बाळांचे हात धरून माना पाहिल्या. कुणाची लोंबली की त्याच दिवशी सांगितलं, आया रडल्या तरी सांगितलं. त्याने या हिशेबात काही फरक पडला नाही.

बाईंनी व्यायाम शिकवले. रोज तेल, पाय सावकाश फाकवणं, गुडघे वाकवणं. आणि सांगितलं, वाळूत खड्डा करून त्याला कमरेपर्यंत उभा पुरा, म्हणजे पायांना उभं राहणं कळेल. वहिनी सकाळच्या कामाआधी त्याला मांडवीच्या वाळूत नेऊ लागली. काळी वाळू, त्यात कमरेपर्यंत विसू, आणि समोर वहिनी शिंपल्या मांडून बसलेली, त्याने हात पुढे करावा म्हणून. होड्या ओढणारे खारवी येता-जाता म्हणत, "वयनी, रुजलो का नाय अजून तुझो माड? कधी फळां धरायचो?" आणि ती म्हणे, "धरेल हो, सावकाश." आळीतल्या बायकांशी न बोलणारी वहिनी त्यांच्याशी हसे. शिमग्याला दादा आला, तोही वाळूत जाऊन बसला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. माईआत्याने त्याच्या पानात वाढलेला लाडू मात्र त्याने बाजूला काढून ठेवला.

त्या पावसाळ्यात, पडवीत पागोळ्यांचा आवाज भरलेला असताना, विसू पालथा पडला. आपला आपण. आधी मान वळली, मग खांदा, मग बराच विचार केल्यासारखी कंबर, आणि पाय शेवटी, बाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. मी आणि वहिनी तांदूळ निवडत होतो. मी सूप टाकून उठले, तोंडातून "पडला" बाहेर पडणार, तेवढ्यात वहिनीने माझा हात धरला. "वाटणार काय, वन्सं? वाटून झालंय." तिने विसूच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्याचं खरं बसणंही तसंच गेलं, मोदकाविना. तीन वर्षांचा होता होता त्याने पाय ओढत उंबरठा ओलांडला. माईआत्याने आवाज ऐकला, बाहेर आली, त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि देवघरात जाऊन दार लावून घेतलं. तिच्या रडण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याचा प्रत्येक टप्पा आम्ही आधीच खाऊन बसलो होतो.

फक्त खापरोळ्या राहिल्या होत्या. त्या खोट्या गेल्या नव्हत्या. मी त्यांची वाट बघत होते. माझी नेमणूक गुहागरला झाली आणि तिकडेच एक दिवस गावचा ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला, "तुमच्या वहिनीने सांगितलंय, विसू चालला. भिंत सोडून चालला." पाच वर्षांचा होता. मला रजा मिळाली ती बऱ्याच दिवसांनी. मी नारळ घेऊन, तांदूळ-उडीद घेऊन घरी आले. विसू पडवीच्या टोकापासून माझ्यापर्यंत चालत आला, डोलत, एक टाच वर ठेवून. मी पिशवी उघडून वहिनीला म्हटलं, "आज भिजत घालूया. खापरोळ्या करूया. आळीभर मी नेते."

वहिनी चूल सारवत होती. शांतपणे म्हणाली, "राहू द्या, वन्सं. यादी ठरलेली असते."

तिने आयुष्यात मला दिलेला टोमणा हा एकच. त्यानंतर तिने माझ्या हातावर पाणी घातलं, गुळाची ढेप फोडून दिली, गुहागरची चौकशी केली. पिशवीतले उडीद तिने डब्यात भरले आणि पुढे त्यांची आमटी झाली.

विसू आता पावसला आंब्याच्या एका व्यापाऱ्याकडे लिहिणं-वाचणं बघतो. काठी घेतो, पण कुणी हात द्यायला गेलं तर देत नाही. वहिनी त्याच्याजवळ असते. गेल्या महिन्यात तो एस.टी.ने आला, स्टँडपासून माझ्या दारापर्यंत चालत, एका हातात काठी, एका हातात फडक्यात बांधलेलं ताट. त्याची मुलगी पालथी पडली होती. "कानवले आहेत, यमूआत्या. आणि घाबरू नको, खरी पडलीय. मी समोर होतो." म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे, वहिनीनेच सांगितलं असणार. मला कानवला तोंडात घालवेना. तोच म्हणाला, "माझं काय वाटायचं राहिलंय गो अजून?"

"खापरोळ्या."

"मग कर की. तेव्हापेक्षा आता दात जास्त आहेत."

तो गेल्यावर मी कागद घेतला. जुना तांदूळ, आणला. उडीद, आणले. मेथी घरात होती. पावसला कुठल्या घरी किती ताटं, तेही विसूकडून आधीच विचारून घेतलं होतं. नारळ कोपऱ्यात आहेत, शेंडीसकट. एकाला कोंब फुटायला लागला आहे. शेवटची ओळ आहे, वहिनींना विचारणे. मूल चाललं की पहिलं ताट त्याच्या आईने उचलायचं असतं, त्यामुळे ते विचारल्याशिवाय काही भिजत घालता येत नाही. पावसची गाडी रोज सुटते. दोनदा मी स्टँडपर्यंत जाऊन आले. तांदूळ अजून कोरडेच आहेत.